डिझेल कोणत्या तेलाचं? लातूर ते छत्रपती संभाजीनगर, सहा दिवस

पहिला दिवस : लातूर

फेब्रुवारी संपत आला की लातूरच्या आडत बाजारात हरभऱ्याची आवक वाढते, सोयाबीन मागे पडतं. तरी भाव वाढेल या आशेने घरात ठेवलेलं सोयाबीन थोडंथोडं येतच असतं. 2024-25 च्या हंगामात हमीभाव होता 4,892 रुपये आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला होता. असं झालं की गावोगाव एक प्रश्न हमखास निघतो: सोयाबीनचं तेल काढून त्याचंच डिझेल करता येणार नाही का? हा प्रवास त्या प्रश्नासाठीच होता, आणि त्याचं निम्मं उत्तर पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मिळतं.

सोयाबीनमध्ये तेल असतं 18 ते 20 टक्के. 100 किलो दाण्यांतून सॉल्व्हंट प्लँटमध्ये, म्हणजे द्रावकाने तेल धुऊन काढणाऱ्या कारखान्यात, साधारण 18 किलो तेल आणि 78 ते 80 किलो डीओसी, म्हणजे तेल काढून घेतलेली पेंड, मिळते. सोयाबीनचा भाव तेलावर कमी आणि कोंबडीखाद्यात जाणाऱ्या या पेंडीवर जास्त चालतो. कोरडवाहू एकरी 5 क्विंटल धरलं तर तेल निघतं 90 किलो, म्हणजे सुमारे 98 लिटर. त्याचं बायोडिझेल होईल 95 लिटरच्या आसपास. पण तेच 90 किलो तेल खाद्यतेल म्हणून विकलं तर जास्त पैसे देतं, आणि डिझेल करायचा खर्च वेगळा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणावं लागतं. ताटातलं तेल टाकीत ओतणं आम्हाला पटत नाही आणि हिशोबातही ते बसत नाही.

तरीही सॉल्व्हंट प्लँट नीट बघायलाच हवा, कारण पुढे डिझेल कोणतंही करा, ते बिघडतं ते तेलाच्या सफाईत, आणि तेलाची सफाई इथे शिकता येते. दाणा आधी चाळून काडीकचरा आणि माती काढतात. मग रोलरमध्ये त्याचे चार-सहा तुकडे करून टरफल वाऱ्याने उडवतात. तुकडे 60-70 अंशांपर्यंत गरम करून मऊ करतात आणि गुळगुळीत रोलरखाली त्यांचे पोहे पाडतात, जाडी 0.3 मिलिमीटरच्या आसपास. पोहा जाड राहिला तर हेक्झेन, म्हणजे तेल विरघळवून घेणारं द्रावक, आतपर्यंत पोचत नाही. फार पातळ झाला तर चुरा होतो आणि थरातून द्रावण झिरपायचंच थांबतं. हेक्झेन 69 अंशांना उकळतं, म्हणून धुणं 55-60 अंशांवर चालतं. शेवटी पेंडीत एक टक्क्याहूनही कमी तेल राहतं. दाबून तेल काढणाऱ्या साध्या एक्सपेलरला हे कधीच जमत नाही, त्याच्या पेंडीत 6 ते 8 टक्के राहून जातं.

निघालेलं कच्चं तेल गडद पिवळं आणि किंचित गढूळ असतं. तो गढूळपणा गमचा, म्हणजे फॉस्फोलिपिड या फॉस्फरस असलेल्या चिकट पदार्थाचा. कच्च्या सोयातेलात फॉस्फरस 600 ते 1000 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत तेवढे भाग) असू शकतो. तेलाच्या 2 ते 3 टक्के गरम पाणी घालून 65-70 अंशांवर अर्धा तास ढवळलं की गम पाणी पिऊन फुगतो, जड होतो, आणि सेंट्रिफ्यूज त्याला वेगळं करतं. एवढ्याने फॉस्फरस 100-200 वर येतो. उरलेला गम पाण्याला दाद देत नाही, कारण तो कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधलेला असतो. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिड लागतं, तेलाच्या हजारी एक-दोन भाग, आणि मग ब्लीचिंग अर्थ, म्हणजे रंग आणि उरलासुरला मळ शोषणारी माती.

पाण्याला दाद न देणारा हा गम वाढतो कशाने, तर काढणीच्या वेळच्या पावसाने. सोयाबीन कापून शेतात पडलेलं असताना परतीचा पाऊस आला की शेंगेत दाणा भिजतो, काळा पडतो, कधी मोडही येतात. दाण्यातली विकरं तेलाचे आणि गमचे लचके तोडायला लागतात. बाजारात अशा मालाला डागी म्हणून भाव कमी मिळतो. प्लँटवाल्याच्या लेखी डागी माल म्हणजे ॲसिड जास्त, ब्लीचिंग अर्थ जास्त आणि तेलाची तूट जास्त. सप्टेंबर 2025 चा पाऊस आणि पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे जास्त सांगायला नको.

इथे एक फोड करून ठेवू. वनस्पती तेलापासून इंधन दोन जातींचं होतं. बायोडिझेल म्हणजे तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया करून केलेलं एस्टर. त्यात ऑक्सिजन असतो, ते 60 अंशांवर साध्या टाकीत तयार होतं. रिन्यूएबल डिझेल म्हणजे तेलावर दाबाखाली हायड्रोजन सोडून ऑक्सिजन काढून टाकलेलं शुद्ध हायड्रोकार्बन. पंपावरच्या डिझेलचाच भाऊ, हवं तेवढं मिसळा. पहिलं तालुक्याच्या गावात होतं, दुसऱ्याला रिफायनरी लागते. दोन्हींना एकाच नावाने हाक मारली की सगळे हिशोब चुकतात.

दुसरा दिवस : मुरूडमार्गे धाराशिव

करडईची काढणी पहाटे बघायची असते. दवाने काटे मऊ असतात, ऊन चढलं की तेच काटे हातमोज्यातून आत शिरतात. पहाटे पाचला सुरू झालेली कापणी साडेआठ-नऊला थांबते. आता कम्बाईन हार्वेस्टर येतात, पण एक-दोन एकरांच्या तुकड्यात अजून विळाच चालतो.

हे पीक मराठवाड्याच्या काळ्या जमिनीसाठीच जन्मलं आहे असं वाटतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचं, 45 बाय 20 सेंटिमीटर अंतरावर, एकरी 4 ते 5 किलो बी. सोटमूळ खोल जातं आणि पावसाळ्यात मुरलेली ओल वर खेचतं. पाण्याची एकही पाळी न देता पीक उभं राहतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेले शारदा आणि परभणी कुसुम हे वाण इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. मुख्य शत्रू मावा. ढगाळ हवा आली आणि पेरणी उशिरा झालेली असली की शेंडे काळे-चिकट होतात. तरीही क्षेत्र घटत गेलं. काटे, मजूर आणि हरभऱ्याचा सोपेपणा, ही त्याची कारणं.

दाण्यात तेल 28 ते 32 टक्के. लहान एक्सपेलरवर 100 किलो करडईतून सुमारे 25 किलो तेल पडतं. उरलेल्या 74 किलो पेंडीत अजून पाचेक किलो अडकून राहतं. करडईचं टरफल दाण्याच्या वजनाच्या जवळपास निम्मं आणि टणक. ते एक्सपेलरचा वर्म, म्हणजे दाणा दाबणारा आतला स्क्रू, खातं. वर्म झिजला की दाब कमी होतो, पेंड जाड आणि ओली पडू लागते, तेल कमी येतं. चालवणारा ते पेंडीच्या पापुद्र्यावरूनच ओळखतो: हातात मोडला की कडकन आवाज आला पाहिजे. दाण्यात ओलावा 5-6 टक्के हवा. जास्त असेल तर माल आत घसरत राहतो आणि तेलात फेस येतो. अगदी कोरडा असेल तर पेंड करपते आणि तेल तपकिरी होतं.

घाण्याच्या तोंडाशी, जिथून तेलाची धार टाकीत पडते, तिथे लोखंडावर एक पिवळसर पारदर्शक थर जमलेला असतो. नखाने ओरखडला तर निघत नाही, पॉलिश लावल्यासारखा चिकटून बसलेला. तेच तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळलेलं आहे. करडईच्या तेलात 70 ते 78 टक्के लिनोलेइक आम्ल, त्याच्या प्रत्येक साखळीत दोन दुहेरी बंध, आणि ऑक्सिजनला हे बंध फार आवडतात. याच तेलाचं बायोडिझेल टाकीत चार-सहा महिने राहिलं तर हाच थर इंजेक्टरच्या सुईवर बसेल. तांब्या-पितळेच्या नळ्या असतील तर आणखी लवकर, कारण तांबं या अभिक्रियेला ढकलतं.

म्हणून करडईबद्दलही तेच म्हणायचं जे सोयाबीनबद्दल म्हटलं. तिचं तेल चपातीवर राहू द्यावं. पाऊस आटल्यावरही जमिनीतून तेल काढून देणारं हे पीक मात्र परत वाढायला हवं, डिझेलसाठी नसलं तरी.

तिसरा दिवस : अंबाजोगाई, परळी, परभणी

आजचा रस्ता लांबचा. अंबाजोगाईहून परळी, गंगाखेड करत परभणी. रस्त्याच्या कडेला करंजाची झाडं येत-जात राहतात. शेंगा वाळलेल्या, करंजीच्याच आकाराच्या, फिकट तपकिरी.

खायच्या तेलांना हात न लावता डिझेल करायचं तर पहिलं नाव करंजाचं घ्यावं लागतं. झाड शेंगवर्गीय, नत्र स्वतः बांधतं, जनावरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत, बांधावर पाण्याशिवाय तगतं. बियांत 27 ते 35 टक्के तेल. पण शेंग फोडणं हे मोठं काम आहे. कवच लाकडी आणि चिवट. जमिनीवर पसरून बडवलं तर कवच चेपतं पण फुटत नाही, दोन कडांमधली शीर उकलावी लागते. आत बहुतेक वेळा एकच बी, चपटी, तांबूस, सुरकुतलेल्या सालीची. दोन बोटांत दाबली की बोटांना कडू वास लागतो आणि तो साबणानेही लवकर जात नाही. म्हणून शेंगा गोळा करायला माणूस मिळतो, फोडायला मिळत नाही, आणि फोडणीयंत्राशिवाय करंजाचा हिशोब जुळत नाही.

दुसरी अडचण साठवणीची. शेंगा एकाच वेळी पडत नाहीत, गोळा करताना दोन-तीन महिने जातात. बी ओली राहिली की तेलातलं मुक्त आम्ल वाढतं. ताज्या, नीट वाळवलेल्या बियांच्या तेलात ते दोन-तीन टक्के असेल, पोत्यात पावसाळा काढलेल्या बियांच्या तेलात 10 ते 20 टक्केही जातं. मुक्त आम्ल दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की सरळ कॉस्टिक पोटॅश (अभिक्रिया घडवणारा तीव्र अल्क) वापरून बायोडिझेल करता येत नाही, टाकीत साबण होतो. मग आधी एक जादा पायरी लागते. ती उद्या बघायची आहे.

पेंड मात्र सोन्याची. सुमारे 4 टक्के नत्र असल्याने खत म्हणून जाते आणि हुमणी, सूत्रकृमी यांच्यावर उपयोगी म्हणून बागायतदार मागून नेतात. आमच्या मते करंजाचा धंदा पेंडीच्या भावावर उभा करावा आणि तेल हे जोडउत्पन्न धरावं, उलट नाही.

परभणीत जट्रोफा, म्हणजे मोगली एरंडाचा, विषय निघाल्याशिवाय राहत नाही. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याची मोठी योजना मांडली. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. बांधाबांधावर रोपं लागली. झाड पाण्याविना जगतं हे खरं, पण पाण्याविना बी भरभरून देत नाही, आणि हा फरक तेव्हा कुणी नीट सांगितला नाही. पेंड विषारी असल्याने जनावरांनाही घालता येत नव्हती. 2018 च्या धोरणाने डिझेलसाठी 2030 पर्यंत 5 टक्के असं उद्दिष्ट ठेवलं आणि भर अखाद्य तेलं व वापरलेल्या तेलाकडे वळवला. हा बदल योग्य झाला.

एरंडीबद्दलही लोक विचारतात. तेल 45-50 टक्के, म्हणून मोह पडतो. पण त्यातल्या रिसिनोलेइक आम्लामुळे बायोडिझेलसुद्धा इतकं दाट राहतं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही दमतात. एरंडीला औषध, वंगण आणि रसायनांचा बाजार डिझेलपेक्षा चांगला भाव देतो, ती तिकडेच जावी.

चौथा दिवस : जालना

जालन्याची ओळख सळईची आणि बियाण्यांची. औद्योगिक वसाहतीत एका लहान शेडमध्ये 500 लिटरच्या घाण्याने बायोडिझेल होतं. कच्चा माल फरसाणवाले, वडापावचे गाडे, हॉटेलं आणि मंगल कार्यालयांतून येणारं वापरलेलं तेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांवर 25 टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढचं तेल तळायला वापरायचं नाही. ते कढईत परत जाण्याऐवजी टाकीत गेलं तर पोटाचंही भलं. या प्रवासात ज्या कच्च्या मालावर आमचा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो हा.

तेल डब्यांतून येतं तेव्हा त्यात शेवेचे तुकडे, मीठ, पाणी, हळद सगळं असतं. आधी जाळीतून गाळायचं, 60 अंशांवर गरम करून रात्रभर ठेवायचं, तळाचं पाणी आणि गाळ कॉकने काढायचा. मग 110 अंशांपर्यंत तापवून उरलेलं पाणी उडवायचं. झालं की नाही हे तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकून कळतं: तडतडला तर पाणी आहे. इथे घाई करणारे पुढे पस्तावतात, कारण पाणी असलं की पोटॅश तेलाचा साबणच करतं.

मग आम्लाचं मोजमाप. 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 1 मिली तेल, त्यात आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. दुसऱ्या बाजूला एक लिटर पाण्यात 1 ग्रॅम पोटॅशचं द्रावण. ते थेंबथेंब सोडत चंबू हलवायचा. प्रत्येक थेंब पडला की गुलाबी ठिपका उमटतो आणि हलवताच विरतो. एका क्षणी तो विरत नाही, सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि दहा-पंधरा सेकंद तसंच राहतं. तिथे थांबायचं. आज लागलं 4 मिली. म्हणजे मुक्त आम्ल सुमारे 2 टक्के, आणि दर लिटर तेलाला नेहमीच्या 7 ग्रॅममध्ये 4 ग्रॅम पोटॅशची भर. 500 लिटरला झालं साडेपाच किलो. नेहमीचे 7 ग्रॅम हे 90 टक्के शुद्धतेच्या पोटॅशसाठी. डबा उघडा राहून पोटॅशने हवेतलं पाणी ओढलं असेल तर हेही कमी पडतात, म्हणून डबा सीलबंद ठेवायचा.

मिथेनॉल लागतं तेलाच्या 22 टक्के, म्हणजे 110 लिटर. प्रत्यक्ष अभिक्रियेत त्यातलं 60-65 लिटरच खर्च होतं, बाकीचं अभिक्रिया पुढे ढकलायला. पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळताना भांडं चांगलंच गरम होतं, म्हणून बंद टाकीत आणि सावकाश. मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात शिरतं आणि डोळे घालवतं. त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. साठवायला परवाना लागतो. शेडमधल्या मोटारी आणि बटणं ठिणगी न पडणारीच हवीत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत हे करू नये, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो.

या शेडमध्ये अभिक्रिया दोन टप्प्यांत करतात. आधी 88 लिटर मिथेनॉल आणि 4.4 किलो पोटॅश, 55 ते 60 अंशांवर तासभर ढवळणं. 64.7 अंशांना मिथेनॉल उकळतं, त्याच्या खालीच राहायचं. दोन तास स्थिर ठेवून तळाचं ग्लिसरीन काढायचं. मग उरलेलं 22 लिटर मिथेनॉल आणि 1.1 किलो पोटॅश घालून पुन्हा तासभर. ग्लिसरीन मधेच काढल्यामुळे उलटी अभिक्रिया अडते आणि राहिलेलं तेलही पालटतं. एकाच टप्प्यात सगळं ओतणाऱ्यांचा घाणा चाचणीत नापास होतो तो बहुधा याच कारणाने.

चाचणी सोपी. 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली बायोडिझेल टाकून हलवायचं. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, न पालटलेलं तेल विरघळत नाही आणि तळाशी थेंब होऊन बसतं. एक थेंबही दिसला तर घाणा परत टाकीत.

रात्रभर ठेवल्यावर काचनळीत रेघ स्पष्ट दिसते, वर मधाच्या रंगाचं बायोडिझेल, खाली काकवीसारखं ग्लिसरीन. मग मिथेनॉल उडवून घ्यायचं आणि कोमट पाण्याने तीनदा धुवायचं. पहिलं पाणी फवाऱ्याने, अजिबात न ढवळता. पहिल्याच धुण्याला जोरात ढवळलं तर साबणामुळे सगळं ताकासारखं होतं आणि दोन दिवस फुटत नाही. फुटवायला थोडं मीठ किंवा पातळ ॲसिटिक आम्ल घालतात. शेवटी पुन्हा तापवून वाळवायचं. 500 लिटर तेलातून 460 ते 475 लिटर हाती येतं. ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल आणि साबण असतो, म्हणून ते जनावरांना देऊ नये आणि नाल्यात सोडू नये.

मुक्त आम्ल जास्त असलेल्या करंज तेलाची जादा पायरी इथेच टेबलावर करून घेतली. एक लिटर तेलाला 200 मिली मिथेनॉल आणि तेलाच्या 1 टक्का तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, 60 अंशांवर दीड तास. मुक्त आम्लाचं एस्टर होतं आणि पाणी सुटतं. ते पाणी मिथेनॉलबरोबर वेगळ्या थरात येतं, तो काढायचा. मग आम्ल पुन्हा मोजायचं आणि नेहमीची पोटॅशची पायरी. लातूरच्या तेल-रिफायनऱ्यांतून निघणारं ॲसिड ऑइल, म्हणजे मुक्त आम्लाने भरलेलं टाकाऊ तेल, हेही याच वाटेने जातं. करडईचाही एक लिटर केला. तिन्ही बाटल्या सोबत घेतल्या.

ट्रॅक्टरमध्ये घालणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावाच लागतो. आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, तिथे व्हायटॉन या न फुगणाऱ्या रबराच्या लावाव्यात. लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के कमी, तेवढी खपत वाढते.

पाचवा दिवस : पैठण

नाथसागराच्या बाजूला शैवालाचं एक प्रायोगिक तळं आहे. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखं लांबट, मधे भिंत, एका टोकाला पाणी फिरवणारं चाक. क्षेत्र 100 चौरस मीटर, खोली 25 सेंटिमीटर, म्हणजे 25,000 लिटर पाणी. यापेक्षा खोल ठेवून उपयोग नाही, दाट हिरव्या पाण्यात ऊन खाली पोचतच नाही. चाकाचा वेग एवढाच की पाणी सेकंदाला 20-30 सेंटिमीटर सरकावं आणि पेशी तळाशी बसू नयेत.

विरजण जसं थोडं-थोडं वाढवतात तसं हे बी वाढवायचं. 200 मिली चंबूतून 2 लिटर, मग 20, 200, 2,000, आणि शेवटी तळं. प्रत्येक पायरी पाच-सात दिवसांची. घाई करून पातळ बी तळ्यात सोडलं तर रानटी शैवाल पुढे निघून जातं.

शैवालाची जाहिरात नेहमी तेलाच्या टक्क्यांवर होते: 40 टक्के, 50 टक्के. ते आकडे खोटे नाहीत, पण ते नत्र तोडून उपाशी ठेवलेल्या शैवालाचे आहेत, आणि उपाशी शैवाल वाढत नाही. वाढ आणि तेल एकाच वेळी मिळत नाही, हीच यातली खरी गाठ. खुल्या तळ्यात दर चौरस मीटरला दिवसाकाठी 15 ग्रॅम कोरडं शैवाल मिळालं तर ते चांगलं चाललं म्हणायचं. या तळ्यात झालं दीड किलो. 25 टक्के तेल धरलं तर 375 ग्रॅम, अर्धा लिटरही नाही. पाण्यात शैवाल असतं लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे दीड किलोसाठी 3,000 लिटर पाणी गाळायचं. तुरटी किंवा चुना घालून गुठळ्या बसवता येतात, पण तुरटीतलं ॲल्युमिनियम शैवालात येतं आणि पुढे राखेत दिसतं. सेंट्रिफ्यूज स्वच्छ काम करतो, पण वीज खातो.

आणि पाणी. आज दिवसाला साडेसहा मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर 650 लिटर उडाले. मे महिन्यात 12 मिलिमीटर धरा, 1,200 लिटर. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून बोअरचं मचूळ पाणी भरत राहिलं तर तळं दोन-तीन महिन्यांत खारट होतं आणि शैवालाची जात बदलते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तिच्या 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होतं. एक हेक्टरचं तळं मे महिन्यात तेवढं पाणी चार-सव्वाचार दिवसांत हवेत सोडून देईल, आणि त्या दिवसांत तेल देईल दीडशे-पावणेदोनशे लिटर. या मातीत वाढलेल्या माणसाला याहून वेगळं काही सांगावं लागत नाही.

तळं बसतं, म्हणजे त्यातलं शैवाल संपतं, ते बहुधा रोटिफरमुळे. सुईच्या टोकाएवढा जीव, शैवाल खाऊन जगतो. आज पाणी गर्द हिरवं, परवा फिकट, तेरवा तपकिरी. सूक्ष्मदर्शकाखाली रोज एक थेंब बघितला तर दोन दिवस आधी कळतं. उशीर झाला तर तळं रिकामं करायचं, ब्लीचिंगने धुवायचं आणि राखलेल्या विरजणापासून पुन्हा.

अमेरिकेने 1978 ते 1996 पर्यंत यावर सरकारी कार्यक्रम चालवला, तिथेही गाडी अडली ती उत्पादनखर्चावर. एक्सॉनमोबिलने 2009 मध्ये शैवालावर 60 कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची घोषणा केली, पुढे तीही कंपनी बाहेर पडली. आमचं मत असं: मराठवाड्यात शैवाल वाढवायचं तर गोड्या पाण्यावर नको, नगरपालिकेच्या सांडपाण्यावर. तिथे नत्र-स्फुरद फुकट आहे आणि पाणी साफ होणं हाच पहिला नफा. शेजारी लोणारच्या खाऱ्या पाण्यात जे स्पिरुलिना वाढतं त्याचं नाव या चर्चेत हटकून येतं, पण त्यात तेल जेमतेम 5 ते 8 टक्के, प्रथिनं 60 टक्क्यांच्या घरात. ते डिझेलचं शैवालच नाही.

सहावा दिवस : छत्रपती संभाजीनगर

शेवटचा मुक्काम एका प्रयोगशाळेत. स्टीलची बोटभर रुंद नळी, तिच्यात ॲल्युमिनाच्या बारीक कांड्यांवर बसवलेलं निकेल-मॉलिब्डेनम, हा इथला उत्प्रेरक. तापमान 340 अंश, दाब 50 बार. वरून तेल आणि हायड्रोजन, खालून पाणी, प्रोपेन आणि डिझेल. यालाच मोठ्या रूपात रिन्यूएबल डिझेलचा कारखाना म्हणतात. फिनलंडच्या नेस्तेने 2007 मध्ये पोर्व्होला पहिला सुरू केला.

100 किलो तेलातून 80-85 किलो डिझेल, 5 किलो प्रोपेन, आणि हायड्रोजन लागतो साडेतीन ते चार किलो. आकडा लहान वाटतो. रोज 100 टन तेल पालटायचं तर 3.7 टन हायड्रोजन हवा. तो विजेने पाण्यातून काढायचा तर किलोला 50 ते 55 युनिट, म्हणजे रोज सुमारे दोन लाख युनिट. हे तालुक्याच्या गावचं काम नाही.

करडईच्या तेलाला करंजापेक्षा जास्त हायड्रोजन लागतो, कारण दुहेरी बंध जास्त. प्रत्येक बंध भरताना उष्णता सुटते, आणि नळीचा वरचा भाग भडकतो. म्हणून तयार डिझेलचाच काही भाग फिरवून कच्च्या तेलात मिसळतात. वनस्पती तेलात गंधक नसतं, पण हा उत्प्रेरक गंधकाशिवाय मरगळतो, म्हणून गंधकाचं संयुग मुद्दाम थेंबथेंब सोडावं लागतं. फरसाणाच्या तेलातल्या मिठाचा क्लोराइड स्टील खातो. आणि फॉस्फरस 3 पीपीएमच्या वर गेला की थराच्या माथ्यावर खडूसारखी पांढरी साय धरते. दाब वाढत जातो आणि नळी उघडावी लागते. उघडलेल्या नळीतली ती साय चिमटीत घेऊन बघितली. पहिल्या दिवशी लातूरला सेंट्रिफ्यूजमधून जे काढत होते, त्याचाच उरलेला अंश.

जालन्याच्या तिन्ही बाटल्या रात्री 5 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. सोबत या नळीतून निघालेल्या डिझेलच्या दोन बाटल्या. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा एवढा खाली जातो, म्हणून हेच तापमान. सकाळी करडईचं बायोडिझेल नितळ होतं. करंजाचं गढूळ, तळाशी पांढरट. फरसाणाच्या तेलाचं, ज्यात पाम तेलच जास्त, तुपासारखं थिजलेलं. रिन्यूएबल डिझेलची पहिली बाटलीही मेणासारखी घट्ट झाली होती, कारण सरळ साखळीचे 17-18 कार्बनचे रेणू 22 आणि 28 अंशांनाच गोठतात. दुसरी बाटली त्याच मालाची, फक्त प्लॅटिनमच्या दुसऱ्या थरातून पुन्हा नेऊन साखळ्यांना फांद्या फोडलेली. ती आडवी केली तर पाण्यासारखी हलली.